दर तिसरं घर

पडद्यावर एकच रेघ आहे,
ॲक्रिंग्टनमधल्या हॅलम स्ट्रीटच्या पोटातून, जांभळी.
क्लिक केलं की उघडते
आणि आत चौघं निघतात:
लाल, पिवळा, निळा,
आणि चौथा न्यूट्रल. तिघांचं जमलेलं असलं
की त्याला काम नसतं,
बिनसलं की फरक वाहून न्यायचा.

ही रेघ परवा मीच ओढली
एका कापडी नकाशावरून,
ज्यावर कुणीतरी टाकाने लिहून ठेवलंय
'तांबं, कागद-शिसं, १९३६',
आणि शेजारी चहाच्या कपाचं वर्तुळ.
वर्तुळाला माझ्याकडे रकाना नाही.

बाकी सगळ्याला आहे. धातू. जाडी. वर्ष.
कशाला जोडलेली.
पडद्यावर भिडल्यासारख्या दिसणाऱ्या दोन रेघांत
तीन मिलिमीटरची फट राहिली
तर माझ्या हिशेबात पुढची चाळीस घरं अंधारात.
ती बिचारी टीव्ही बघत बसलेली असतात.

वाहक.
मेहकर डेपोत अण्णांच्या बिल्ल्यावर हाच शब्द होता.
कंडक्टरचं मॉडेल बनवते म्हटल्यावर
आईनं फोनवर विचारलं, एसटीचा?
हसले खरी.
पण अण्णाही दर थांब्याला लिहायचे
चढले किती, उतरले किती,
आणि रात्री हिशेब जुळला नाही
तर ताट तसंच झाकून.
लोणार फाट्याला एक माणूस जास्त कसा?

माझा जास्तीचा माणूस म्हणजे फेज.
रस्त्यावर एकसष्ट घरं,
प्रत्येकाच्या वाट्याला तिघांतला एकच.
कुणाला कुठला,
हे चरात गुडघे टेकून सांधे भरणाऱ्याला ठाऊक होतं.
त्याला कुणी विचारलं नाही.
एकसष्ट वेळा मी रकान्यात लिहिलं: अज्ञात.

विल्फ ऑर्मरॉड, निवृत्त जॉइंटर,
गुरुवारी जुने नकाशे वाचून द्यायला येतो.
म्हणाला, एकाआड एक वाटायचे तिघांना,
निदान सांगितलं तरी तसं होतं.

मग नोव्हेंबरात, पाचलाच रात्र झालेली,
सबस्टेशनात निळ्याचा फ्यूज उडाला.
माझी ड्यूटी नव्हती.
तरी गेले, वही घेऊन, दुरुस्तीची गाडी यायच्या आत.

सतरा, उजेड. एकोणीस, उजेड. एकवीस, काळोख.
तेवीस, पंचवीस, उजेड. सत्तावीस, काळोख.
रस्ता आपणहून बोलायला लागला होता
आणि मी टिपून घेत होते.

तेहतीसच्या दारात एक बाई, खांद्यावर ब्लँकेट, हातात टॉर्च.
'पलीकडच्यांची कशी नाही गेली?'
आवाजात त्या पलीकडच्यांबद्दलचं जुनं काहीतरी.
तुम्ही निळ्यावर आहात, मी म्हणाले.
'आम्ही बिलं भरतो,' ती म्हणाली.
हो, म्हटलं. आणि तेहतीससमोर लिहिलं: निळा.

एकोणचाळीस काळोख.
एक्केचाळीसही काळोख.
तेवढ्यात गाडी वळली.
मला वाटून गेलं, अजून पाच मिनिटं,
सत्तेचाळीसच्या पुढचं राहिलंय,
आणि ब्लँकेटमधली बाई आठवून लाज वाटली.

खिडक्या एकदम उजळल्या.
रस्ता पुन्हा गप्प.

दुसऱ्या दिवशी अकरा 'अज्ञात' पुसले. पन्नास राहिले.
उजेडातल्या घरांबद्दल एवढंच कळलं होतं
की ती निळी नाहीत.
माहितीचा स्रोत निवडा, पडदा म्हणाला:
नकाशा, पाहणी, अंदाज.
अंधार त्यात नव्हता. मी पाहणी निवडलं.

गुरुवारी विल्फला वही दाखवली.
बोट अकराही आकड्यांवरून उतरत गेलं
आणि एकोणचाळीस-एक्केचाळीसपाशी थांबलं.
'हे दोन शेजारी शेजारी?
एकाहत्तरला पुन्हा जोडून दिले होते. मीच.
त्या आठवड्यात डोरीन...'
पुढचं बोलला नाही. चष्मा काढला, पुसला,
दुसरा नकाशा जवळ ओढला.

मी वर्षाच्या रकान्यात १९७१ भरलं.