पासंग

घर घ्यायचं की सोडायचं, शुक्रवारपर्यंत कळवा.
एजंटचं पत्र विश्रामने फ्रिजवर लावलंय.
मालक विकतोय. पहिला हक्क तुमचा, म्हणाला,
दुसरं कोणी रांगेत उभं असल्यासारखं.

कार्डिफ, स्प्लॉट. नावच असं,
की चिखलात काहीतरी पडलं असावं.

मी कॅलेंडरच्या पाठीवर रेघ मारली.
डावीकडे जमा, उजवीकडे खर्च.
आप्पा वजनमापे निरीक्षक होते.
बार्शीच्या बाजारात पारडी उलटी करून बघायचे,
खाली चिकटवलेली चिंच नखाने खरवडायचे,
आणि दुकानदाराकडे न बघता म्हणायचे,
तराजू खोटं बोलत नाही हो,
बोलतो तो हात.

खर्च.
पोलाद कारखान्याची धूळ, तांबूस, बारीक.
सकाळी पुसलेली चौकट दुपारी पुन्हा कुंकवाळ.
पांढरी चादर बाहेर वाळत घालायची नाही,
हे पहिल्याच आठवड्यात ग्लेनिसने शिकवलं,
स्वतःची चादर दाखवून.

मागच्या खोलीतली ओल.
तिला आम्ही पोटभाडेकरू म्हणतो.
दर हिवाळ्यात हातभर सरकते, भाडं देत नाही.

गाडी तीन गल्ल्या पलीकडे.
समोरच्याने दारापुढे नारिंगी शंकू ठेवलाय,
दहा वर्षांपूर्वी चोरलेला. त्यावर त्याचाच हक्क.

सीगल. कचऱ्याच्या पिशव्या फाडतात,
मग मंगळवारी पहाटे रस्त्यावर
माझी कोथिंबिरीची देठं, ग्लेनिसच्या चहाच्या पुड्या
एकमेकांत.
(हे खर्चात लिहिलं. हात जरा अडखळला.)

जमा.
रेवतीची शाळा चारशे पावलं.
परत येताना चारशे साठ, वाटेत दुकान आहे म्हणून.
दुकानात अब्दिरहमान. गुरुवारी गल्लीभर ऐकू जाईल असं
ओरडतो, मिरची!
एवढा एकच मराठी शब्द त्याला येतो,
आणि तेवढ्यावर आमचं सगळं भागतं.
विश्रामची रात्रपाळी असताना
फ्यूज उडाला, तेव्हा टॉर्च घेऊन तोच आला,
मागोमाग नाइटीवर कोट चढवून ग्लेनिस,
काही करायला नव्हे, नुसती बघायला.

रात्री दीडची मालगाडी.
खर्चात लिहिली. कपबश्या किणकिणतात.
मग आठवलं, नाताळला गाड्या बंद होत्या,
आणि दीड वाजता आम्ही तिघंही जागे,
कोणीतरी यायचं राहिल्यासारखे.
खोडली. रेघेवरच लिहिली.

रविवारी दुसरं घर पाहून आलो.
शहराबाहेर, नवं, गॅरेजसकट.
विश्रामने प्रत्येक भिंतीवर तळहात टेकवला,
डॉक्टर टेकवतो तसा. कोरडी, म्हणाला. सगळी कोरडी.
हप्ता तोच, थोडा जास्त.
बस तासाला एक, माझी सकाळची पाळी सातची.
एक बाई गाडीतून हात हलवून गेली,
गॅरेजचं दार आपोआप उघडलं, आपोआप मिटलं,
बाई आत.
हिरवळ इतकी नवी, की तिचे चौकोन अजून
एकमेकांना चिकटले नव्हते.
रेवती त्यावर धावली, थांबली,
आणि पुन्हा धावली. बराच वेळ.
मी ते बघत होते.

आज कागद पूर्ण झाला.
डावी बाजू लांब. बरीच लांब.
विश्रामने वाचली, मान डोलावली, चष्मा काढला.
तुझंच अक्षर आहे, एवढंच म्हणाला,
आणि पाळीला गेला.

वरून रेवतीचा खोकला येतोय.
ऑक्टोबरपासूनचा. धुळीचा असेल, डॉक्टर म्हणाली,
ओलीचा असेल, किंवा या वयात होतोच.
निळा पंप दिलाय, दोन फवारे, झोपताना.

तो मी कुठेच लिहिलेला नाही.
डावीकडे नाही, उजवीकडे नाही.
कागद उलटा केला. मागे फक्त
नोव्हेंबरचे चौकोन.

पेन उघडलं.
कपबश्या किणकिणू लागल्या.
गाडी जाऊ दे, म्हटलं,
मग लिहिते.
लांब गाडी होती आज.