पाव नंबर

हात धू. साबण नीट जाऊ दे.
टॉवेलला पुसू नकोस, तंतू लागतात,
नुसते झटक.
सहा पस्तीस. बेसिनवरची ट्यूब फडफडते आहे
आणि माझ्या तर्जनीच्या टोकावर
काठ असलेला पाण्याचा एक थेंब.
उजेडाकडे धरून बघते:
वाटीसारखा उभा असला तर सुलटा,
बशीसारखा पसरला तर उलटा.
बशी. परत.

इरावती वर बघते, छताकडे,
जिथे वरच्या नाचणेकरांच्या मोरीची ओल उतरली आहे.
"ओलीतला उंट बघ. उंटावरून नजर हलवू नकोस."
पापणी मिटते. बोट मागे.
पापणी मिटते.
तिसऱ्या खेपेला उंटाची मान लांब झाली का, हे ठरवता ठरवता
लेन्स बसून जाते.
आता डावा.

माझा नंबर उणे अकरा.
मिळत गेला वाढदिवसासारखा, वर्षाला एक.
आमच्याकडे उपाय एवढाच होता, टीव्ही लांबून बघ.
अडतिसाव्या वर्षी आतल्या पडद्याला भोक पडलं,
लेझरने डागून घेतलं,
डोळ्यात हिरवी फुलबाजी, वास नसलेली.
तेव्हाच पोचखानावाला बाईंनी विचारलं होतं, "मुलगी केवढी?"
आठ.
"घेऊन ये तिला."

"उतरणार नाय," त्या म्हणाल्या.
"कोणी बोलला उतरेल, तर त्याला पैसा देऊ नको.
चढतो ना, तो हळू चढेल. कदाचित."
तो कदाचित मी पर्समध्ये घालून घरी आणला
आणि ह्यांच्यापुढे ठेवला, बिलासकट.
ह्यांनी आधी बिल वाचलं.
या शहरात सगळे लवकर पोचण्याचे पैसे मोजतात,
आम्ही महिन्याच्या महिन्याला
हळूपणाचे हप्ते भरतो.

शिवाय रोज दोन तास बाहेर. लांब बघायचं.
लांब!
प्रतीक्षानगरात लांब कुठे मिळतं?
खिडकीसमोर खिडकी,
तिथल्या बाई मेथी निवडतात, देठ मोजून घ्यावेत.
गच्चीला कुलूप.
सेक्रेटरी म्हणाले, किल्ली कशाला हवी?
मुलीला लांब बघायचंय, हे सांगायची लाज वाटली.
म्हणाले, पापड.

वर्षाने बाईंनी काचा बदलून बदलून बघितल्या,
वरची ओळ, खालची ओळ, हे चांगलं की हे,
आणि म्हणाल्या, "पाव."
मला कळेना.
"पाव नंबर वाढला. आधीच्या वर्षात सव्वा वाढला होता."
लेन्समुळे?
"लेन्समुळे, गच्चीमुळे, नशिबामुळे,
डोळ्यावर छापून येत नाय ते. चालू ठेव."
उतरून कोपऱ्यावरच्या बेकरीतून लादी घेतली,
गरम, रस्त्यातच तोडली.
"पावाचे पाव," इरावती म्हणाली
आणि एकटीच हसत राहिली, सिग्नल सुटेपर्यंत.

आता ती स्वतःच घालते.
"आई, सरक ना, आरसा अडतोय."
मी दारात उभी, सवयीने धुतलेले हात
तसेच ओले धरून,
पुसायचे नाहीत म्हणून.

पापड मात्र खरेच घालावे लागले.
संध्याकाळी गच्चीवर ती कठड्याला टेकून सांगते,
"माहुलकडच्या त्या चिमणीला लाल पट्टे आहेत. चार.
नाही, थांब, पाच."
मी चष्मा पदराने पुसते, परत लावते.
"हो, पाच," म्हणते.
कावळा पापडांपाशी आला होता,
तो तेवढा दिसला.