कलती मान

हार्लिंगनच्या बंदरावर धुकं. भोंगा वाजतोय.
वीबेला तो ऐकू येत नाही,
त्याच्या वाटचाही मलाच येतो.

सशाची मान तीन आठवडे डावीकडे कललेली,
खिळा ढिला झालेल्या तसबिरीसारखी.
डॉक्टर येल्ट्ये म्हणाल्या, खपली ओढू नका,
सुटायची तेव्हा आपण सुटेल.
वीबेने ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं
आणि गोळ्यांच्या पाकिटावर लिहिलं,
ठळक: ओढू नका.

चाळीस वर्षं दुसऱ्यांचे पियानो सुरात लावले या माणसाने.
आता थेंबांची बाटली मुठीत धरून बसतो
अंगाइतकी कोमट होईपर्यंत.
मग झाकण उचलावं तसा
लोंबता कान उचलतो,
तीन थेंब सोडतो, कानाच्या मुळाशी अंगठा फिरवतो.
आत पचपच होते.
"आला आवाज?" मला विचारतो.
"आला."

ससा डोकं झटकतो, औषध सगळं चष्म्यावर.
वीबे स्वतःच्या कानातलं यंत्र काढून
गाजराच्या पाल्याशेजारी ठेवतो
आणि मान डावीकडे टाकून
त्याच्याकडे बघत बसतो, बराच वेळ.

काल मला मान बोटभर सरळ वाटली.
पण काल मी सोफ्यावर
आडवी होते.