अर्धा आटा

तांडापेठेत कूलरच्या मोटारी भरतो मी.
दिवसभर तांब्याची तार, वेढे मोजत:
चारशे दहा, चारशे अकरा…
मध्येच कुणी हाक मारली तरी
परत एकपासून सुरू करावं लागत नाही,
बोटाला आठवतं.

रात्री शटर अर्धं खाली ओढतो
आणि त्याच टेबलावर लॅपटॉप,
धापोडकरांच्या पोराकडून घेतलेला,
दोन बटणं नसलेला.
भावजी विचारतात, शब्द कुठायत गाण्यात?
मी म्हणतो, येऊन राहिले, रस्त्यात आहेत.

षड्ज शोधायला लांब जावं लागलं नाही.
तंबोरा नाही आमच्याकडे, पण भिंतीत आहे:
मीटरच्या बोर्डातली भुणभुण,
पन्नास हर्ट्झ,
कोराडीकडून तारांवरून येते
आणि घराघरात तोच सूर धरून बसते.
बाकी सगळं तिला लावलं.

मोबाईल मोज्यात घालून
रिकाम्या टाकीत सोडला, वरून टाच मारली.
एकदाच.
तेवढ्यात झाला सगळा खर्ज.
गेल्या साली वाळून गेलेली खसची ताटी
मुठीत चुरडली, ती झांज.
आणि पंप पाणी ओढायच्या आधी
एक कोरडा घोट घेतो ना,
तो.

पहिल्या वर्षी नुसतं भरत गेलो.
बासष्ट ट्रॅक एकावर एक,
बारशाला अख्खी पेठ बोलावल्यासारखे,
आणि बाळ कुठं आहे कुणालाच दिसेना.
मग एका जळक्या मोटारीसमोर बसलो होतो.
काळी पडलेली तार पकडीनं ओढायची,
वार्निशचा वास नाकात,
स्लॉट रिकामा, ब्लेडनं खरवडलेला,
त्याशिवाय नवा वेढा बसत नाही.
हे मला रोज माहीत होतं.
त्या रात्री एकोणसाठ काढले.
घुमारासुद्धा विकतचा ठेवला नाही,
मागच्या बोळीत स्पीकर ठेवून वाजवलं,
बोळ जे परत देईल ते घेतलं,
एका कुत्र्यासकट.

मे महिन्यात हेडाऊ काकांचा कूलर आला.
दर फेऱ्याला पातं जाळीला लागायचं: ठक.
आधी चार मिनिटं रेकॉर्ड केलं,
मग दुरुस्त केलं, दीडशे रुपये घेतले.
तिसऱ्या दिवशी भर दुपारी
डोक्याला दुपट्टा बांधून काका दारात.
"काय केलं बे तू?
चाळीस वर्षं मागावर बसलो मी.
आता निस्ता वारा येते.
झोपच नाई येऊन रायली."

गेलो त्यांच्याकडे.
जाळीचा स्क्रू सैल केला, अर्धा आटा.
ठक.
पुन्हा येईल वाटलं तिथं आला नाही,
किंचित मागून आला,
जिना चढताना थांबून श्वास घेणाऱ्या माणसासारखा.
काका खाटेवर आडवे.
"हां," म्हणाले, आणि पैसे विचारले नाहीत,
मीही नाही.

घरी येऊन पाहिलं तर माझे सगळे ठोके
शाळेच्या प्रार्थनेला उभे, हाताच्या अंतरावर.
तिघांतला एक बाहेर काढला.
झांज काढली, जीव तुटला थोडा.
तिथं काकांचा ठक ठेवला,
रेघेपासून अकरा मिलिसेकंद मागे,
सरळ करायचं बटण समोर होतं
त्यावर चहाचा कप ठेवला.

सात मिनिटांचं आहे. त्यात काही घडत नाही.
म्हणजे, खाली वाकून पाहिलं तर घडतं.

परवा पूर्ण ऐकत होतो,
चौथ्या मिनिटाला लाईट गेली.
पंखे एकेक करून थकले, भिंत गप्प झाली,
अख्ख्या पेठेचा सा गेला
आणि बॅटरीवरचा हा डबडा लॅपटॉप
एकटाच तो धरून होता.
कुणीतरी गच्चीवरून शिवी दिली.
ती चांगली बसली.

लाईट आली तेव्हा
भिंत जराशी उतरलेली वाटली,
एकोणपन्नास पूर्णांक नऊ असेल.
दोन सूर एकमेकांना घासून
हळूहळू हेलकावत राहिले.

मी जुळवलं नाही.