जमा-नावे

ही वही पोरीची, तिसरीची.
पुढून तिचे पाढे, मागून आमचा संसार.
डावीकडे जमा, उजवीकडे नावे.

नावे: चंदीगड. प्रवेश फी साडेपाच हजार.
सचखंडचं स्लीपर, जाऊन-येऊन.
खोली तिघांत एक. अंगद खाली झोपतो,
पाठ खालीच बरी राहते म्हणे.
कॅडी चार दिवसांचा ठरवला, दोनच दिवसांचा दिला.
चेंडू एक डझन, त्यातले पाच तळ्यात.
येतानाचं जेवण: गाडीत लंगरची डाळ-रोटी मिळाली,
तिथं मी शून्य लिहिते.
शून्यालाही ओळ लागते.
जमा
काही नाही. दोन फटक्यांनी कट हुकला.

आत्याबाई माळवं निवडत होत्या.
"कट?" म्हणाल्या, "कुणी केला गं माझ्या लेकरावर?"
गंमत नव्हत्या करत.
मी म्हटलं, कुणी नाही. शुक्रवारी सांजच्याला
फळ्यावर एक रेघ ओढतात,
तिच्या खालच्यांनी शनिवारी
आपापल्या भाड्यानं घरी जायचं.
त्यांनी एक सडकी गवार बाजूला टाकली.
"मंग रेघ ओढणाराचं भाडं कोण देतं?"

छावणीत साहेबांच्या पिशव्या उचलत शिकला तो.
तेव्हा तिथं ग्रीन नव्हत्याच, ब्राऊन होते,
वाळूत जळकं तेल कालवून सारवलेले.
चेंडू गेला की पोरं पोतं ओढून माग पुसायची.
तिकडचं गवत, म्हणतो, परातीसारखं;
नुसता श्वास सोडला तरी चेंडू निघाला.
"तेलात वळलेला हात हाय माझा,
हलका व्हायला येळ लागायलाय."
अकरा वर्षं लागायलाय.

पडेगावात टँकर आठव्या दिवशी येतो.
परवा ड्रम भरताना तो बोलून गेला,
तिथं एका ग्रीनला एका रात्रीत...
आणि गप्प झाला.
मग अर्ध्या बादलीत अंघोळ केली, पाणी उरवून.

सदतीस ब्लाउज म्हणजे एक प्रवेश फी.
बिनअस्तराचे. अस्तराचे असले तर पंचवीस.
गिऱ्हाईक विचारतं, मालक काय करतात?
आधी सांगायची, गोल्फ खेळतात.
बायका हसून म्हणायच्या, मग शिवता कशाला ताई?
आता सांगते, बाहेरगावी असतात.

वाळूजच्या कंपनीत स्टोअरला जागा आहे,
भावजींनी दोनदा निरोप दिला.
बारा तासांचे अठरा हजार, बस घरापासून.
अंगद म्हणाला, बघू, कोलकात्याहून आलो की.

कोलकात्याला रेघेच्या वर राहिला.
सत्तेचाळिसावा. छत्तीस हजार!
त्या रात्री फोनवर नीट बोलता येईना त्याला,
मागं कुणीतरी त्याच्याच पैशानं चहा पीत होतं.
मग कर गेला, कॅडीचा वाटा गेला, विमान गेलं
(रविवारपर्यंत थांबल्यावर रेल्वे कुठली),
डॉक्टरांच्या मुलाला शिकवायचा आठवडा बुडाला,
आधीच्या दोन स्पर्धांची उसनवारी गेली.
उरले नऊशे चाळीस.
पोरीला बूट आणले, एक नंबर मोठे.

रात्री त्यानं वही मागितली.
पानं उलटीत राहिला, पाढ्यांपर्यंत गेला, परत आला.
म्हणाला, आमच्यात आपलं कार्ड सोबतचा लिहितो,
आपण तपासून फक्त सही करायची.
आणि बेरजेखाली सही केली,
तीच, लांब शेपटीची,
जी कधीतरी पोरं मागतील म्हणून
लग्नाआधीच गिरवून ठेवली होती.

तपासली मात्र नाही.
माझ्या पोतीचे अकरा मणी
मी कुठल्याच बाजूला लिहिले नव्हते.
चुकीच्या कार्डावर सही केली तर खेळाडू बाद,
हेही मला त्यानंच सांगितलेलं.

मी वही पोरीच्या दप्तरात ठेवली.
जयपूरचं तिकीट सकाळी काढलं,
वेटिंग एकतीस.