स्मरणदोष

प्रश्न चौदावा असा आहे:
गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांत
काय खाल्लंत, काय प्यालात, कशाचा वास घेतलात?
खाली तीन ओळी सोडल्यात.

प्रणिता तारी तीन ओळींत मावत नाही.
मी पानाच्या पाठीवर लिहिते.
मार्गशीर्ष होता. गुरुवार धरलेले, चारही.
साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ,
एका गुरुवारी विसरून चहात बुडवलेली खारी.
सोमवारी तारल्यांचं तिखलं, मंगळवारी उरलेलं, तेच.
सड्यावरच्या बागेत मोहराला फवारणी चाललेली
आणि पहाटे मतलई वारा सुटला की
वास वाडीत उतरायचा, गोडसर,
पिकल्या फणसात कुणी घासलेट ओतावं तसा.
विहीर एकच. एकदा तवंग दिसल्यासारखा वाटला.
एकदा ताप. मेडिकलमधून दोन गोळ्या, एक पांढरी, एक –
ती डोळे मिटते –
"पिवळी. अर्धीच घेतलंय."

सात वर्षं झालीत याला.

आतून सासू म्हणते, "गिराणात आदोळयेर बसला ता.
मी सांगी होतंय."
ग्रहणाला रकाना नाही.
'इतर'मध्ये लिहिते.

प्रशिक्षणात चित्र दाखवलं होतं:
कण्याची नळी अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते,
होडीच्या दोन फळ्या जवळ आणाव्यात तशी.
पाळी चुकल्याचं नीट ध्यानात यायच्या आत
सुतार काम संपवून निघून गेलेला असतो.
दुर्वाच्या होडीत कमरेपाशी बोटभर फट राहिली.
आशाताई गोळ्यांचं पाकीट घेऊन आल्या
तिसऱ्या महिन्यात.

दुर्वा ओटीवर. पायांना पट्टे,
मांडीवर जाळ्याचा गुंता, सोडवतेय.
बाप पूर्वी पंधरवड्यानं यायचा ट्रॉलरवरून,
आता शिमग्याला आणि चतुर्थीला.
पैसे मात्र पाच तारखेला, न चुकता.
हे कुठल्याच प्रश्नात येत नाही.

पुढचं घर तुलनेचं.
म्हणजे तीच विहीर, तोच वारा, तोच महिना,
आणि मूल धडधाकट.
विनया कुबल हसते. "गे बाय,
सात वर्सामागचा कोणाक आठवता?
खाल्लला आसतला कायतरी."
मी लिहिते: आठवत नाही.
तिचा मुलगा माझी एक चप्पल घालून अंगणभर पळतो.

रत्नागिरीत सर म्हणतील,
तारीबाईंची उत्तरं जपून वापरा.
असं मूल पदरी असलेल्या आया जास्त आठवतात,
याला स्मरणदोष म्हणतात.
त्यांचं बरोबर आहे, मीही परीक्षेत लिहिलंय ते.
जन्मदोष, स्मरणदोष.
आपल्याकडे दोष म्हटलं की
लगेच कुणाचा, असं तोंडात येतं.
दुसरा शब्द शोधायला हवा होता कुणीतरी,
सर्वेक्षणाच्या खूप आधी.

निघताना प्रणिता बेड्यापर्यंत आली.
"म्हणजे माजा काय चुकला नाय मां?"
अजून दोनशे घरं व्हायचीत, मी म्हटलं.
हे वाक्य मी इतक्यांदा बोललेय
की आता ते न अडखळता येतं.
तिनं मान डोलावली आणि पिशवीत
सुके बांगडे घातले, पेपरात गुंडाळून.
घेऊ नयेत असा नियम आहे.

आणि दुर्वा:
"तुमच्या कागदार माजा नाव खंय आसा?"
मी बोट ठेवलं. सदतीस.
ती बराच वेळ सदतीसकडे बघत राहिली,
मग माझं पेन घेऊन
तीनच्या पोटात दोन डोळे काढले.
तो कागद बदलायचा का, ते अजून ठरवलं नाही.

एसटीत मांडीवर विहिरीच्या पाण्याची बाटली,
उन्हापासून जपून न्यायची.
खारेपाटणच्या वळणावर कलंडली,
दोन्ही हातांनी धरली.
पाणी स्वच्छ दिसत होतं.
दिसण्यावरून काही कळत नाही.
पिशवीतून बांगड्यांचा वास येतोय,
शेजारच्या बाई खिडकी उघडतात.

परवा रात्री मी काय जेवले होते,
आठवून पाहिलं.

वांगं असावं.