एक्केचाळीस थांबतोय

खाणीतल्या बायकांच्या संडासात
आरशाच्या वर एक तक्ता चिकटवलाय.
आठ पट्ट्या, आठ रंग.
सगळ्यात वरची जवळजवळ काहीच नाही,
मग लिंबाची फोड, मग वाळलं गवत,
आणि तळाशी कडक चहा.
तुमचा रंग कोणता, एवढंच खाली विचारलंय.
मी सहा वर्षं चहा होते.

कालामाच्या पलीकडे, तांब्याच्या खड्ड्यात
मी ट्रक चालवते. घराएवढा. नंबर एक्केचाळीस.
पाठीवर तीनशे टन दगड, बारा तासांची पाळी
आणि भोवती असं वाळवंट
की तोंडातली थुंकीसुद्धा उसनी वाटते.

पाणी प्यायचं नाही, हे माझं मीच ठरवलेलं.
प्यायलं की उतरावं लागतं,
उतरायचं तर रेडिओवर सांगावं लागतं,
आणि रेडिओ ऐकतात चाळीस पुरुष.
कुणी खोकतो. कुणी शीळ घालतो.
त्यापेक्षा ओठ फुटलेले बरे.

खड्ड्यातल्या रस्त्यावर धूळ बसावी म्हणून
दर तासाला टँकर पाणी मारत जायचा.
मी काचेआडून बघायचे.
रस्ता माझ्यापेक्षा जास्त प्यायचा.

आणि मी खायचे.
भूक आणि तहान एकाच गळ्यातून हाक मारतात.
मला वाटायचं भूक आली,
की उघडायचे अल्फाहोरचं पाकीट,
मधलं दुधाचं गोड सारण दाताला चिकटायचं,
त्यावर थंड, फसफसणारं, केशरी काहीतरी.
तरी हाक थांबायची नाही.
दाराबाहेर तहानच उभी असायची,
हातात बिस्किट घेऊन, गोंधळलेली.

इतालो नर्सनं काटा वाचला: ब्याऐंशी.
दोन वर्षांपूर्वी सत्तर होते.
"पाणी म्हणजे जादू नाही, नोल्विया," तो म्हणाला,
"चरबी काही धुऊन निघत नाही त्यानं.
पण पाकीट फोडण्याआधी एक ग्लास पी,
दहा मिनिटं थांब,
आणि बघ, हाक कुणाची होती."

सोपं आहे त्याला. तो नदीकाठचा.
आमच्या गावात टँकर गुरुवारी यायचा.
आई पिंपावर सुरीनं रेघ ओढायची: आज इथपर्यंत.
बटाटे उकडलेलं पाणी फरशीला,
फरशीचं पाणी दारातल्या एकुलत्या झाडाला.
जो कमी पितो तो शहाणा मुलगा.
तहान लागल्यावर विहीर खोदू नये म्हणतात.
आमच्याकडे आधी खोदली असती तरी
तांबंच लागलं असतं.

मग एका मंगळवारी
दहा वाजेपर्यंत दीड लिटर प्यायले.
साडेदहाला बटण दाबलं.
"एक्केचाळीस थांबतोय."
"कारण?"
बिघाड म्हणणार होते. टायर म्हणणार होते.
"लघवी," म्हणाले.

रेडिओत नुसती खरखर.
कुणी खोकलं नाही.
मग रोसामेलचा आवाज, तीस वर्षं खाणीत काढलेला:
"सतरापण थांबतोय. तेच कारण."
मग नऊ.
मग तेवीस, जरा लाजत.
डिस्पॅच ओरडला, "अरे, सगळे एकदम नको!"

जेवताना रोसामेल माझ्यासमोर बसला.
म्हणाला, मुतखडा दोनदा झाला,
तीस वर्षं सीटखाली बाटली ठेवून भागवलं.
उतरायची लाज वाटायची, म्हणाला. मला. पुरुषाला.
आणि माझ्या ग्लासात त्यानं जगातलं पाणी ओतलं,
अगदी काठापर्यंत.

वजन म्हणाल तर चार महिन्यांत तीन किलो.
इतालो म्हणतो बिस्किटं सुटली म्हणून.
असेल.
रात्रपाळीला अजून सुटत नाहीत.
रंग सध्या गवताचा, सुट्टीच्या दिवशी लिंबाचा.

रविवारी आईचा फोन.
"किती पितेस गं दिवसाला?"
"अडीच लिटर."
पलीकडे शांत.
मनातल्या मनात ती
पिंपावर रेघ शोधत असणार.